बोरा बाजारातलं फोटोची जागा लावून देणारं दुकान: पाचपैकी चार तारे

फोर्टात बोरा बाजाराच्या एका गल्लीत, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि पट्टे विकणाऱ्या गाळ्याच्या डोक्यावर हे दुकान आहे. दोरी धरून चढायचा लाकडी जिना, वर दोन टेबलं, दोन स्कॅनर, एक पंखा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या नकाशांच्या सुरळ्या. नाव देत नाही, कारण मालकांनीच हात जोडून सांगितलं, "ताई, लिहायचं तर लिहा, पण पाटी छापू नका. गर्दी झाली की काम बिघडतं." गल्लीत कुणालाही 'जागा लावणारे' म्हणून विचारा, बोट दाखवतील.

मूळ धंदा जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करून देण्याचा. तसे स्कॅन करणारे या भागात चिकार आहेत. इथलं वेगळेपण म्हणजे जोडकाम: घरातल्या जुन्या फोटोतला रस्ता कुठला, फोटो काढणारा नेमका कुठे उभा होता, हे शोधून देतात. साधा स्कॅन ६० रुपये, निगेटिव्हला १००, आणि जागा शोधायचे फोटोमागे ८००. त्यातले २०० आगाऊ. जागा लागली नाही तर उरलेले ६०० घेत नाहीत. आकडा ऐकून माझ्या दिरांनी भुवया उंचावल्या. "व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाक, फुकटात दहा जण सांगतील," म्हणाले. टाकला होता. दहा जणांनी दहा जागा सांगितल्या, सगळ्यांनी छातीठोकपणे.

फोटो सासऱ्यांचे. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरून त्यांची पत्र्याची पेटी खाली आली. सासरे गोदीत कारकून होते आणि पगार झाला की आधी फिल्मचा रोल, मग वाण्याचं बिल, असं सासूबाई सांगायच्या. पेटीत माणसांचे फोटो थोडे आणि रस्त्यांचे फार. मागे पेन्सिलीने '८' आणि '१/५०' असले आकडे, म्हणजे भिंगाचं छिद्र किती आणि शटर किती ते. जागेचं नाव कुठेच नाही. त्यांना ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला!

मी स्वतः नोकरी केली ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, ड्रॉइंग बोर्डवर. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढायचं काम. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात, पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. त्यामुळे या दुकानात गेले ती काहीशी परीक्षा घ्यायलाच.

पहिला फोटो मुद्दाम सोपा दिला. व्ही.टी. आता सी.एस.एम.टी. म्हणायचं, पण फोटो त्या काळचा म्हणून मीही व्ही.टी.च म्हणते. हा फोटो आमच्याकडे वर्षानुवर्षं फ्रेममध्ये होता आणि त्याला घरात 'सकाळची ऑफिसची गर्दी' असं म्हणत. घुमट, घड्याळ, समोर ट्राम, छत्र्या-टोप्यांची माणसं. मला तो कायम खटकायचा, पण सासऱ्यांच्या फोटोला काही म्हणायची आमच्या घरात टाप नव्हती.

मालकांनी फोटो स्कॅनरवर न ठेवता आधी भिंगाखाली धरला. घड्याळावर थांबले. सात वाजून दहा मिनिटं. मग मला विचारलं, "ताई, व्ही.टी.चं तोंड कुठे आहे?"

"पश्चिमेला."

"मग सकाळी सातला तोंडावर एवढं ऊन कुठून आलं?"

खणातून छोटा आरसा काढून त्यांनी फोटोशेजारी उभा धरला. आरशात घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती, ऊन संध्याकाळचं होतं, महापालिकेचा मनोरा जिथे असायला हवा तिथे गेला होता आणि ट्राम आपल्याकडची वाहनं चालतात तशी डावीकडून चालत होती. सासरे प्रिंट घरीच काढायचे, खिडक्यांना घोंगडी लावून. निगेटिव्ह उलटी बसली असणार. म्हणजे ज्याला आम्ही इतकी वर्षं कामावर निघालेली माणसं म्हणत होतो, ती सगळी घरी चालली होती.

इथे मला या माणसाचा पहिला गुण दिसला. फोटो सुलट की उलट, हे ते एका खुणेवर ठरवत नाहीत. मी म्हटलं, बायकांच्या पदरावरून कळलं असतं की. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. ते हसले. "काळबादेवीच्या तोंडाशी उभ्या आहात तुम्ही. इथे निम्म्या बायका गुजराती, त्यांचा पदर उजव्या खांद्यावर." घड्याळ, ऊन आणि वाहनांची बाजू, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच ते फोटो उलटा धरतात. घड्याळाच्या मिनिटांवर मात्र फार भरवसा ठेवू नका, असंही त्यांनी बजावलं. मुंबईचा स्वतःचा 'बॉम्बे टाइम' होता, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तो १९५५ पर्यंत शहरात रेंगाळत होता. कुठलं घड्याळ कुठल्या वेळेला लावलेलं, ते आधी बघायचं.

आता खरं काम. व्ही.टी. आहे हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण सासरे उभे कुठे होते?

पद्धत साधी आहे आणि ती त्यांनी माझ्यासमोरच केली. फोटोत अशा दोन इमारती शोधायच्या, ज्या आजही जागेवर आहेत आणि फोटोत एकीची कड दुसरीच्या एखाद्या टोकाला चिकटलेली दिसते. आमच्या फोटोत व्ही.टी.च्या दक्षिणेकडच्या पुढे आलेल्या भागाचा त्रिकोणी माथा बरोबर मधल्या घुमटाच्या पोटात शिरलेला आहे. नकाशावर त्या माथ्यापासून घुमटाच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची आणि रेघ मागे रस्त्यावर ओढायची. फोटो काढणारा या रेघेवर कुठेतरी होता, यात शंका नाही. मग दुसरी जोडी. डावीकडे कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीची कड आहे आणि तिच्यामागून महापालिकेचा मनोरा अर्धा डोकावतो. त्या दोघांमधून दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे कॅमेरा.

हे बोर्डावर बसून मी आयुष्यभर केलं, पण उलट्या बाजूने. आम्ही माणसाला आधी उभं करायचो आणि मग त्याला इमारत कशी दिसेल ते काढायचो. इथे इमारती आहेत आणि त्यांच्यावरून माणूस शोधायचा आहे.

पट्टी, बटर पेपर आणि लाल बॉलपेन. कॉम्प्युटरवर हे जमत नाही का, असं विचारल्यावर भाच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो करतो तिथे. मला हातानेच विश्वास वाटतो." दोघांचं उत्तर एकच आलं, तेव्हा मलाही बरं वाटलं.

एक गोष्ट त्यांनी फार चांगली समजावली आणि ती इथे सांगते, कारण घरच्या घरी हे करू बघणारे नेहमी तिथेच अडकतात. आपण मोबाइल घेऊन त्या जागी जातो, फोटो जुळत नाही आणि जागा चुकली असं वाटतं. मोबाइलचं भिंग जास्त रुंद बघतं, म्हणून सगळं लहान आणि लांब दिसतं. पण जवळची कड लांबच्या घुमटाच्या कुठे येते, हे भिंगावर ठरत नाही, फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. तेव्हा आकार जुळवायच्या भानगडीत न पडता कडा जुळवायच्या. कड घुमटाच्या उजवीकडे सरकली तर पाय हलवायचे. झूम नंतर.

आणि उंची. फोटोत क्षितिजाची रेघ जिथून जाते, तेवढ्याच उंचीवर कॅमेरा असतो. व्ही.टी.च्या कंगोऱ्यांच्या आडव्या रेघा बघा. डोळ्यांच्या वरच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि मध्ये एक पातळी अशी असते जिथे रेघ सपाट जाते. आमच्या फोटोत ती पातळी डबलडेकर ट्रामच्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांमधून जाते. रस्त्यावर उभ्या माणसाचा डोळा तिथवर पोचत नाही. म्हणजे सासरे पहिल्या मजल्यावरच्या कुठल्यातरी गॅलरीत होते. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या, म्हणजे सासऱ्यांच्या काळच्या हॉर्नबी रोडच्या कडेला. ते तिथे कुणाकडे गेले होते, हे सांगायला आता कुणी नाही. माझ्या नणंदेचं मत असं की ज्याच्याकडून कॅमेरा उसना आणायचे त्या मित्राचं ऑफिस तिथे होतं. शक्य आहे.

कागदावर त्यांनी तारीख दिली नाही, काळ दिला. ट्राम डबलडेकर, म्हणजे १९२० नंतरची. पालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे, तो १९२३ चा. पालिकेवरच्या झेंड्याचा मधला पट्टा उजळ आणि वरखाली गडद, म्हणजे तिरंगा, म्हणजे १९४७ नंतर. आणि मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, त्यापुढे हा फोटो जाऊ शकत नाही. मी म्हटलं, लग्नाआधीचा धरला तर १९५२ च्या आतला. ते म्हणाले, "ते तुमच्या घरचं गणित. माझ्या कागदावर १९४७ ते १९६४." लिहून तेवढंच दिलं.

पुतळ्याचा उपयोग त्यांनी काळासाठी केला, रेघेसाठी नाही. हा त्यांचा पक्का नियम आहे. पुतळे हलतात, दिव्याचे खांब हलतात, कारंजी हलतात. भिंतीवर नमुन्यादाखल काळा घोडा चौकाचा एक जुना फोटो लावलाय, त्यात घोड्यावरचा सातवा एडवर्ड आहे. तो १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला. आज चौकात जो घोडा आहे तो २०१७ चा, त्याच्यावर स्वारच नाही आणि जुना घोडा जिथे होता त्या जागेवरही तो नाही. घोड्याला घोडा जुळवायला गेलात तर पार भलत्या ठिकाणी उभे राहाल. त्या फोटोची जागा त्यांनी लावली ती डेव्हिड ससून लायब्ररीच्या कमानी आणि वॉटसन हॉटेलच्या लोखंडी सांगाड्यावरून. तो सांगाडा म्हणजे आताचं एस्प्लनेड मॅन्शन, २०१९ मध्ये रिकामं केलेलं, पण उभं आहे. उभं आहे तोवर त्याच्यावरून रेघ मारता येते.

दुसरा फोटो मात्र खरा कस लावणारा होता. अरुंद रस्ता, दोन्हीकडे लाकडी गॅलऱ्यांच्या इमारती, खाली दुकानं, गुजराती पाट्या, एक हातगाडी, आणि टोकाला धुरकट एक टोकदार छप्पर. बस्स.

दिवस टाकला पुढच्या आठवड्याचा. गेले तेव्हा मालक टोकदार छपरापर्यंत आले होते: क्रॉफर्ड मार्केटचा घड्याळाचा मनोरा. मार्केट १८६९ चं, १८७१ पासूनचं म्हणणारेही भेटतात, पण मनोऱ्याचं ते उतरतं छप्पर त्या भागात दुसऱ्या कशाचंच नाही. रस्त्याचा शेवट त्याच्यावर होतो, दुकानांवर गुजराती, म्हणजे झवेरी बाजाराकडून येणारी शेख मेमन स्ट्रीट असावी, असं त्यांचं म्हणणं. पण 'असावी' वर ते कागद देत नाहीत. रस्त्यातली एक तरी इमारत आज सापडली पाहिजे. आणि तिथे सगळी गडबड. १९४० पूर्वीच्या या इमारतींचं गेल्या पन्नास वर्षांत काय झालंय ते मला विचारा. लाकडी कठडे गेले, तिथे ग्रिल आलं. गॅलऱ्या बंद करून खोल्यांत घेतल्या. सागवानी तुळया कुजल्या तशा लोखंडी गर्डर घातले. वर पत्र्याचा एक मजला चढला. खाली शटर, वर बोर्ड, त्याच्या वर एसीची खोकी. गूगलच्या नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंवर, म्हणजे स्ट्रीट व्ह्यूवर, मालकांनी ती गल्ली वरखाली कितीदा पाहिली असेल, पण एकही तोंड ओळखीचं दिसत नव्हतं. मुंबईत स्ट्रीट व्ह्यू २०२२ पासून मिळायला लागला आणि तो कामाचा आहे, पण त्याचा कॅमेरा गाडीच्या टपावर असतो, माणसाच्या डोळ्यापेक्षा वर, आणि अरुंद गल्लीत वरचे मजले तिरके, ताणलेले येतात.

मग मी माझी विद्या काढली. दुरुस्तीत सगळं बदलतं, पण खण बदलत नाहीत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि तो पाडल्याशिवाय बदलता येत नाही, कारण आतल्या सगळ्या खोल्या त्यावर बसलेल्या असतात. फोटोत डावीकडची दुसरी इमारत सात खणांची आहे. त्यातला चौथा खण इतरांपेक्षा अरुंद. तो जिन्याचा. मजल्यांच्या उंच्याही बघितल्या: पहिला मजला उंच, वरचे दोन ठेंगणे. आणि गॅलरीला खालून टेकू देणारे लाकडी ब्रॅकेट. त्यांचं टोक पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं, त्याखाली एक गोल मणी. ब्रॅकेट कुणी मुद्दाम काढत नाही. पाट्या, कठडे बदलतात, पण ब्रॅकेटवर ऑइलपेंटचे थर चढत जातात आणि तो तसाच राहतो.

आम्ही दोघं भरदुपारी त्या रस्त्यावरून माना वर करून चाललो. लोक थांबून आम्ही काय बघतोय ते बघायला लागले. मुंबईत वर बघणारी माणसं म्हणजे एक तर कबूतर पडलंय किंवा सज्जा. डाव्या हाताला सात खणांची एक इमारत लागली. गॅलऱ्या बंद, वर पत्र्याचा मजला, तोंडावर सोन्याच्या दुकानाचा भला मोठा बोर्ड. चौथा खण अरुंद. बोर्डाच्या वरच्या कडेला, निळ्या रंगाच्या जाड थराखाली, ब्रॅकेटची चोच आणि खाली मणी. बाकीचे ब्रॅकेट बोर्डाआड. एवढं एकच टोक बाहेर राहिलं होतं.

मालकांनी तेव्हाही घाई केली नाही. ब्रॅकेटचा तो नमुना सुतार एका इमारतीला करतो तसा दहा इमारतींना करतो, म्हणाले. मग त्या इमारतीच्या कडेवर क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा फोटोत जसा टेकतो तसा टेकतो का, ते बघायला मागे मागे जात राहिले. एका टपरीच्या पुढ्यात तो टेकला. टपरीवाल्याने विचारलं, "काय हरवलंय?" मालक म्हणाले, "सापडलंय." कागदावर सही केली ती त्यानंतर.

आता एक तारा का कापला ते.

भाचा हुशार आहे, पण त्याला फोटो 'सुधारायची' खोड आहे. माझ्या फोटोंच्या फाइली पहिल्यांदा दिल्या त्या एआयने साफ केलेल्या. चकचकीत, धारदार. बघून पोटात गोळा आला. शेख मेमन स्ट्रीटच्या फोटोत जिथे गॅलरीचा कठडा धूसर होता, तिथे मशीनने आपल्या मनाचे नक्षीदार गज काढून ठेवले होते. एका खिडकीला दोन झडपांच्या जागी तीन आल्या होत्या. गुजराती पाटीवर अक्षरांसारखं दिसणारं, पण कुठल्याच लिपीत नसलेलं काहीतरी आलं होतं. जे दुकान खण मोजून जागा लावतं, त्याच दुकानात खण खोटे करणारी फाइल गिऱ्हाइकाच्या हातात जाते, याला काय म्हणावं? मालकांना दाखवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. शोधकाम ते मूळ स्कॅनवरच करतात, पण गिऱ्हाइकाला चकचकीत आवडतं म्हणून भाचा 'सुधारलेली' देतो. मूळ स्कॅन मागावा लागला. जाल तेव्हा आधीच सांगा: टिफ फाइल हवी, बारीक तपशिलाला १२०० डीपीआय (म्हणजे इंचाला १२०० ठिपके), कडा न कापता, काही सुधारू नका. रंग भरून देण्याचंही एक पॅकेज आहे. घेऊ नका. मालाडचा पिवळसर दगड आणि काळा दगड, काळ्या-पांढऱ्या फोटोत करड्या रंगाच्या दोन वेगळ्या छटांत दिसतात आणि तीही एक खूण असते. रंगाखाली ती जाते.

दुसरी तक्रार: फोटोच्या पाठी स्कॅन करत नाहीत. सासऱ्यांचे पेन्सिलीचे आकडे माझ्या दृष्टीने फोटोइतकेच महत्त्वाचे होते. मागितलं तर करतात, पण वेगळे पैसे घेऊन.

तिसरी, जिना. गुडघे दुखत असतील तर खालच्या गाळेवाल्याला सांगा, मालक खाली येतात.

तिसऱ्या फोटोची जागा लागली नाही. गणपतीची मिरवणूक, लेझीम, मागे चार मजली चाळ आणि गॅलरीत दाटीवाटीने उभी माणसं. दीर शपथेवर सांगतात की हा गिरगावातला मुगभाट. सासरे तिथे जायचे म्हणून. फोटोत एकही इमारत अशी नाही जी आज उभी आहे असं दाखवता येईल. गिरगाव-काळबादेवीत मेट्रोसाठी कित्येक इमारती पाडल्या, त्याहून जास्त पुनर्विकासात गेल्या. मालकांनी सावल्यांवरूनही प्रयत्न केला. भाद्रपदात माध्यान्हीचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, मग सावली उत्तरेला, म्हणजे रस्त्याची दिशा कळावी. मे महिन्यातला फोटो असता तर तेही फसवं, कारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला जातो. पण इथे घड्याळ नाही. सावली दुपारची की चारची, हेच ठरत नाही, मग दिशा कसली ठरवणार! कागदावर त्यांनी लिहून दिलं: 'जागा लागली नाही. चाळीची बांधणी गिरगावच्या धाटणीची, तेवढ्यावर गिरगाव म्हणता येणार नाही.' ८०० पैकी २०० च घेतले. दीर अजून मुगभाटच म्हणतात. म्हणू देत.

तेव्हा व्ही.टी., चर्चगेट, गेटवे असले फोटो असतील आणि फक्त नाव हवं असेल तर ८०० रुपये घालू नका, मोबाइलवर फोटो टाकून शोधलंत तरी नाव येईल. गल्ली असेल, कुणी ओळखत नसेल, आणि कुठल्या पायरीवर उभं राहून काढला इथवर जाणून घ्यायचं असेल तर जा. जाताना घरात फोटो काढणाऱ्याबद्दल जे माहीत असेल ते सांगा: नोकरी कुठे, येण्याजाण्याचा रस्ता कुठला, नातेवाईक कुठे. मालक ते कागदावर पुरावा म्हणून लिहीत नाहीत, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरवतात. जुन्या रस्त्यांची नावंही त्यांना सांगितलीत तरी चालतात. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, लॅमिंग्टन रोड, क्वीन्स रोड, सगळ्यांची आजची नावं त्यांच्या वहीत शेजारी लिहिलेली आहेत.

रविवारी बंद. शनिवारी दुपारनंतर जाऊ नका, भाचा एकटाच असतो आणि तो सुधारून देतो.